मुंबईत महापालिकेच्या छोट्या माध्यमिक शाळेत मुलीला आठवीला घालावं का? शाळा पारखायची कशी?

घाला. गणित आणि विज्ञानाचे कायम शिक्षक जागेवर असतील तर डोळे झाकून घाला, नसतील तर थांबा. खरं तर उत्तर इथेच संपलं. पण तुम्ही पुढे लिहिलंय की शाळेत जेमतेम सव्वाशे मुलं आहेत, दहावीचा निकाल 78 टक्के आहे आणि शेजारच्या खाजगी शाळेने शंभर टक्क्यांचा फलक लावलाय. त्या फलकाबद्दल मला बोलायचंय.

असाच फलक असलेल्या शाळेत माझी मुलगी आठवीपर्यंत शिकली. आम्ही लालबागचे. शाळा खाजगी अनुदानित, मराठी माध्यमाची, नाव घेत नाही. प्रवेश माझ्या साडूंनी शब्द टाकून मिळवून दिला होता, त्यांचाही मुलगा तिथेच होता. एका तुकडीत पासष्ट पोरं. 2017 साली आठवीच्या वार्षिकनंतर मला बोलावणं आलं. मुलगी गणितात कच्ची. मुख्याध्यापकांनी चहा मागवला आणि चहा यायच्या आत सांगून टाकलं, "नववी काढू दे इथे, पण दहावीला 17 नंबर भरा. ते जमत नसेल तर आत्ताच दाखला घ्या. आमच्या निकालाचा प्रश्न आहे."

17 नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून दहावीला बसणं. शाळा सुटलेल्या, कामाधंद्याला लागलेल्या माणसासाठी ती चांगली सोय आहे. काही शाळा मात्र त्याचा चाळणीसारखा वापर करतात. कच्चं पोर बाहेरून बसलं की ते नापास झालं तरी शाळेच्या टक्क्यात येत नाही. शंभर टक्के निकाल असा लागतो. सगळ्याच शाळांचा असा लागतो असं नाही म्हणत, पण विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आणि विचारायचं काय, तर एकच: यंदा दहावीला तुमच्याकडून किती मुलं बसली आणि दोन वर्षांपूर्वी हीच तुकडी आठवीत होती तेव्हा पट किती होता? 62 ची 47 झाली असतील तर पंधरा पोरं गेली कुठे ते सांगायला लावा. शाळेने नाही सांगितलं तर यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळाच्या 'नो युवर स्कूल' पानावर शाळेचं नाव किंवा 11 आकडी क्रमांक टाका, पट आणि शिक्षकांची संख्या तिथे मिळते. प्रयोगशाळा 'आहे' असंही तिथे लिहिलेलं असतं. कपाटाची किल्ली कोणाकडे असते, ते मात्र जाऊनच बघावं लागतं.

मी दाखला घेतला. साडू महिनाभर बोलले नाहीत.

महापालिकेच्या शाळेत न कळवता गेलो. मुख्याध्यापिका बाई वॉर्डात मीटिंगला गेलेल्या. गणिताचे सर व्हरांड्यात भेटले. त्यांनी प्रगतीपुस्तक उघडलंच नाही. मुलीला खडू दिला आणि फळ्यावर दोन अपूर्णांकांची बेरीज घातली. तिने वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. सर म्हणाले, "हिचं बीजगणित कच्चं नाहीये, हिचं पाचवीतलं अडकलंय. पाचवीचं पुस्तक घेऊन ये सोमवारी." तीन वर्षं पासष्टांच्या तुकडीत बसून, दरमहा क्लासची फी भरून हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शाळा छोटी असली की याचा उपयोग असतो. सरांना पोर दिसतं.

गिरणगावातल्या मराठी शाळा छोट्या का झाल्या हेही समजून घ्या. गिरण्या गेल्या, चाळी पडल्या, माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली आणि जी राहिली त्यातल्या बऱ्याच जणांनी इंग्रजी माध्यम धरलं. पट कमी म्हणजे शिकवणं वाईट असं गणित कोणी मांडलं तर त्याला बाजूला बसवा.

त्या शाळेत सगळं आलबेल होतं असं नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या तीन कामांना शिक्षक जुंपायची मुभा देतं. दहावीच्या ऐन सहामाहीत आमचे सर मतदारयाद्यांच्या कामाला. छोट्या शाळेत एका विषयाला एकच माणूस असतो, तो गेला की तास रिकामाच. सर सकाळी सातला जादा तास घ्यायचे, मग याद्या घेऊन घरोघरी फिरायचे. पालक म्हणून आम्ही पाचसहा जण वॉर्डात जाऊन ओरडलो. फार काही झालं नाही.

मार्च 2019 ची परीक्षा. आठवत असेल तर त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा निकाल 2018 ला 89.41 टक्के होता तो 77.10 वर आला. 2020 ला अंतर्गत गुण परत आले आणि निकाल 95.30. 2021 ला परीक्षाच झाली नाही, निकाल 99.95. तेव्हा कोणी टक्का सांगितला तर आधी साल विचारा.

आमच्या शाळेतून 28 बसले, 21 पास. 75 टक्के, राज्याच्याही खाली. साडूंनी हा आकडा सत्यनारायणाच्या पूजेत सगळ्यांसमोर वाचून दाखवला. पण 28 मध्ये एक पोर म्हणजे साडेतीन टक्के. नापासांतल्या एकाला जरी गाळलं असतं, तर राज्याच्या वर. गाळलं कोणालाच नव्हतं. आठवीत 28 होती, एक कुटुंब बदलापूरला गेलं, त्या जागी माझी मुलगी आली, दहावीला पुन्हा 28. जी सात नापास झाली त्यातली बहुतेक जुलैच्या फेरपरीक्षेत सुटली, कारण सर सुट्टीतही बोलावत होते. माझ्या मुलीला 61 टक्के, गणितात 57. साडूंच्या मुलाला 83, हुशार आहे तो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण पूजेतच मी साडूंना विचारलं, तुमच्या तुकडीतली किती पोरं आठवीतून दहावीपर्यंत पोचली? ते प्रसाद आणायला उठले. मुलगी आता डीएमएलटी करून पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली आहे, आणि अजून कोणी लग्नकार्यात 'पालिकेच्या शाळेतली' म्हणालं की मी हाच प्रश्न विचारतो.

तुमच्या मुलीसाठी एक कामाची गोष्ट. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच बसता येतं, विनाअनुदानित शाळेतल्यांना नाही. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला 55 टक्के. शाळेत जाल तेव्हा विचारा, गेल्या वर्षी या परीक्षेला किती बसवले. 'ते काय असतं' असं उत्तर आलं तर शाळा झोपलेली आहे.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. मुलींचं स्वच्छतागृह स्वतः बघा, शिपायाच्या शब्दावर जाऊ नका. पट दरवर्षी घसरत असेल तर सावध राहा, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पद गेलं की तुमचे गणिताचे सर अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातात. पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. मुलगी आत्ता इंग्रजी माध्यमात असेल तर माझं वरचं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही. आणि माझा अनुभव एका शाळेचा, एका सरांचा आहे. तसे सर तुमच्या शाळेत नसतीलही.

जुन्या शाळेने फी बाकी वगैरे सांगून दाखला अडवला तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 दाखवा. आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.