चामडं हातात घेतलं, आता पुढे?
वाचकांचे प्रश्न : हातकाम

प्रश्न : दिवसभर लॅपटॉपवर काम असतं. शनिवार-रविवारी चामड्याचं काही करून पाहायचंय. अवजारांच्या याद्या पाहूनच धडकी भरली. सुरुवातीला काय घ्यावं आणि पहिली वस्तू कोणती करावी? (नाशिक)

उत्तर : कार्ड ठेवायची खिशी करा. दोन सरळ तुकडे, तीन बाजूंनी शिलाई, बस्स. बाजारात तयार किट मिळतात, त्यातली निम्मी अवजारं पडून राहतात आणि चामडं बहुधा टाकाऊ निघतं. पैसे चामड्यावर घाला.

चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं, म्हणजे दुकानदार ज्याला ‘व्हेज टॅन’ म्हणतात ते, १.२ मिलिमीटर जाडीचं. त्याशिवाय धारदार कटर, स्टीलची फुटपट्टी, शिलाईची भोकं पाडायचे चार मिलिमीटर अंतराचे टोचे (एक चार दातांचा, एक दोन दातांचा), बोथट टोकाच्या दोन सुया, ०.८ मिलिमीटरचा मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा, चांभार वापरतात ते पिवळं सोल्युशन आणि पॉलिश पेपर (४०० आणि ८०० नंबरचा). टोचे ठोकायला लाकडी मोगरी घ्या. लोखंडी हातोडीने टोच्याचं डोकं चेपतं. खाली भाजी चिरायचा प्लॅस्टिकचा जुना पाट चालतो.

१०० × ६२ मिलिमीटरचे दोन तुकडे कापा. कार्ड ८५.६ × ५४ असतं. दोन्ही कडांना पाच-पाच मिलिमीटर चिकटवण्यात जातात, आत नव्वद उरतात, त्यात चार कार्डं बसतात. सहा-सात कार्डं ठेवायची असतील तर रुंदी आधीच १०४ करा. नंतर ओढून-ताणून भरली की टाके कडेला फाडतात. कापताना एका दमात आरपार जाऊ नका. फुटपट्टी घट्ट धरून तीन-चार हलके फटकारे मारा, नाहीतर कड तिरकी होते. वरच्या कडेला मधोमध रुपयाचं नाणं अर्धं ठेवून अंगठ्यासाठी खाच आखा. ती दोन्ही तुकड्यांना हवी. तिची आणि वरच्या कडांची घासाई (कशी, ते पुढे ठाण्याच्या उत्तरात) आत्ताच उरका, शिवल्यावर तिथे हात जात नाही.

सोल्युशन दोन्ही तुकड्यांच्या कडेला फक्त पाच मिलिमीटर लावा आणि दहा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की जुळवून दाबा. ओलं असतानाच जोडलं तर तुकडे सरकतात. एकदा चिकटलं की हलवता येत नाही, म्हणून आधी एक कोपरा जुळवा.

मग कडेपासून तीन मिलिमीटरवर रेघ ओढून टोचे मारा. तीन बाजू मिळून २२४ मिलिमीटर होतात, म्हणजे छप्पन्नच्या आसपास टाके. कोपऱ्यात भोक नेमकं यायला हवं, म्हणून आधी टोच्याने नुसत्या खुणा उमटवून पाहा. अंतर उरलं तर ते शेवटच्या तीन-चार टाक्यांत वाटून टाका, एकाच टाक्यावर लादू नका. पुढच्या ठोक्याला टोच्याचा पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात बसवला की ओळ वाकत नाही. दोरा शिलाईच्या चौपट आणि वर वीतभर, म्हणजे इथे १.१ मीटर. त्याच्या दोन टोकांना एकेक सुई ओवा आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढत जा. शेवटी दोन टाके मागे घ्या, दोरा दोन मिलिमीटर ठेवून कापा आणि लायटरने टोक वितळवून दाबा.

प्रश्न : घरचे म्हणतात, तीनशे रुपयांत पाकीट मिळतं, मग ही हौस कशाला? (नागपूर)

उत्तर : पैसे वाचवायला कुणी करत असेल तर घरच्यांचं बरोबर आहे, वाचत नाहीत. लोक याकडे वळतात त्याचं कारण साधं आहे. एका शनिवारात वस्तू पुरी होते आणि ती रोज खिशात असते. शिवाय सुतारकामासारखा धुरळा नाही, मशीनचा आवाज नाही, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून काम होतं. हातशिलाईचा टाका तर मशीनपेक्षा सरस असतो. मशीनमध्ये वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात, एक तुटला की ओळ उसवायला लागते. हाताच्या दोन सुयांच्या टाक्यात दोरा प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी जातो. एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून ठेवते.

एक गोष्ट मात्र हौशी मंडळींनी विसरू नये. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या एका समाजाच्या वाट्याला आलं आणि त्याच कामावरून त्यांना दूर ठेवलं गेलं. चौकातल्या चांभारकाकांकडून रापीला, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराला, धार लावायला शिकायला जरूर जा, पण त्यांच्या तासाभराचे पैसे देऊन या.

प्रश्न : कड अर्धा तास घासली, डिंक लावला, तरी कापसासारखी पिंजलेलीच राहते. माझं काय चुकतंय? (ठाणे)

उत्तर : हात चुकत नाहीये, चामडं चुकलंय. तुम्ही लिहिलंय की ते जुन्या सोफ्याचं होतं. सोफ्याचं चामडं जवळजवळ नेहमी क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं. ते मऊ, लवचीक आणि पाण्याला न बधणारं असतं. कड घासून चकचकीत होते ती पाण्याने आणि घर्षणाने तंतू दबून एकमेकांना चिकटतात म्हणून. क्रोमच्या चामड्यात ते दबून बसत नाहीत.

कापलेली कड उजेडात पाहा. आतून निळसर-राखाडी दिसली तर क्रोम, आरपार तांबूस-पिवळसर तर सालीचं. रंगवलेल्या चामड्यात हे ओळखू येत नाही, तेव्हा न रंगवलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाका. सालीचं चामडं मिनिटाभरात थेंब पिऊन गडद होतं, क्रोमवर थेंब बराच वेळ तसाच बसतो. तुमच्या तुकड्यांना कड आत दुमडून शिवा किंवा कडेला लावायचा रंग दोन-तीन हात द्या, प्रत्येक हातानंतर वाळू देऊन पॉलिश पेपर फिरवा. सोफ्याचं चामडं वाईट नाही, ते पिशवीला छान. कार्डाच्या खिशीला मात्र लुळं पडतं.

सालीच्या चामड्यासाठी महागडं द्रव आणायची गरज नाही. किराणा दुकानातला कतिरा डिंक चिमूटभर घेऊन वाटीभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी जेली होते. कड ४००ने आणि मग ८००ने घासा, बोटाने जेली लावा आणि जाड सुती कापडाने किंवा गुळगुळीत लाकडाने कड गरम लागेपर्यंत चोळा. जेली वरच्या बाजूला सांडली तर लगेच पुसा, तिथला डाग पुढे रंग घेत नाही. उरलेली फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत आंबते.

प्रश्न : चामडं ओलं करून नक्षी ठोकली, सकाळी त्यावर शाई सांडल्यासारखे काळे ठिपके. आणि कपाटातल्या उरलेल्या चामड्याला बुरशी. (चिपळूण)

उत्तर : ठिपके शाईचेच आहेत, अक्षरशः. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून पूर्वी काळी शाई करत, ते आठवा. सालीच्या चामड्यात हिरड्यासारखंच टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ओलसर असताना लोखंडाचा कण लागला की तिथे शाई तयार होते. कटरला धार लावलेली जागा, तारेची घासणी, गंजकी हातोडी, काहीही पुरतं. ताज्या डागांवर कापसाने लिंबाचा रस लावा, फक्त ठिपक्यावर नको, आख्ख्या तुकड्यावर, नाहीतर फिकट गोल उमटतात. पाच मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा. डाग फिका होतो. आत मुरला असेल तर पूर्ण जात नाही, मग तो तुकडा काळा रंगवा. धार लावायचं काम दुसऱ्या टेबलावर आणि बक्कल-बटणं पितळेची, एवढं पाळलं तर पुन्हा होणार नाही.

बुरशी प्लॅस्टिकच्या पिशवीमुळे आली. कोकणातल्या पावसात बंद पिशवीत ओल कोंडते. गॅलरीत नेऊन कोरड्या फडक्याने झटका (घरात नको, बीजं सगळीकडे उडतात), मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्याने पुसा, आधी कोपऱ्यावर रंग उतरतो का ते पाहून. उन्हात टाकू नका, चामडं कडक होऊन तडकतं. ठेवताना कागदात गुंडाळून उघड्या फळीवर ठेवा.

प्रश्न : शिलाई समोरून सुबक तिरकी येते, मागून वेडीवाकडी. (पुणे)

उत्तर : दोन शक्यता. टोचा ठोकताना तिरका धरला असेल तर मागची भोकं रेघ सोडून भरकटतात. डोळा टोच्याच्या सरळ रेषेत वरून ठेवा, बाजूने नको. भोकं सरळ असतील तर सुयांचा क्रम बदलतोय. उजवी सुई आधी, डावी नंतर, हे ठरवलं की शेवटपर्यंत तेच. दुसरी सुई घालताना पहिला दोरा मागे ओढून धरा, म्हणजे सुई दोऱ्यात घुसत नाही. घुसली का ते कळायला दोरा किंचित उलटा ओढून पाहा. सरकला नाही तर सुई काढून पुन्हा घाला. दोन्ही टोकं सारख्या जोराने ओढा. टाका चामड्यावर टेकला की पुरे, रुतवू नका.

प्रश्न : पहिलीच वस्तू म्हणून कोल्हापुरी चप्पल? (सांगली)

उत्तर : नको. तळाचं चामडं जाड आणि टणक असतं, ते कापायलाच मनगट तयार लागतं. तळाचे थर खिळ्यांनी नाही, चामड्याच्या वादीने शिवायचे असतात. त्यावर कान, पट्टा, अंगठा, वेणी हे प्रत्येक वेगळं कसब आहे, आणि डाव्या-उजव्या पायाचं माप जुळवायचं ते निराळंच. २०१९मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांसाठी. कुणा कारागिराकडे जाऊन नुसती वेणी शिका, ती किल्लीच्या पट्टीला लावता येते.

प्रश्न : केलेला पट्टा दोन महिन्यांत सैल झाला, भोकं लांबट झाली. (सोलापूर)

उत्तर : पट्टा पोटाकडच्या चामड्यातून निघाला असणार. पोटाचे तंतू विरळ असतात, ते ताणतात. म्हशीच्या पाठीचं, ३.५ मिलिमीटर जाडीचं चामडं घ्या आणि कण्याला समांतर कापा. जीन्सला ३५ ते ३८ मिलिमीटर रुंदी पुरते. माप कमरेचं नको, वापरातल्या पट्ट्यावर घ्या : बक्कलच्या दुमडीपासून ज्या भोकात अडकवता त्या भोकापर्यंत. भोकं पाच, पंचवीस मिलिमीटर अंतराने, गोल पंचने. कटरच्या चिरेला फाटायला निमित्तच लागत नाही. मापाचं भोक मधलं ठेवा, म्हणजे दिवाळीच्या फराळानंतर एक-दोन भोकं सरकायला जागा राहते.