फायरवॉल अपडेट करण्याआधी

अरे, नव्या फीचर्सची यादी बघून फायरवॉलला, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवर पहारा देणाऱ्या यंत्राला, लगेच अपडेट मारू नकोस. कॉन्फिगचा, म्हणजे सगळ्या सेटिंग्जचा, बॅकअप लॅपटॉपवर उतरव. मग दोन फायरवॉलची जोडी असेल तर त्यातलं स्टँडबाय युनिट, म्हणजे पहिलं बंद पडलं तर काम उचलणारं, आधी अपडेट कर.

खरं जपायचं ते टीएलएस इन्स्पेक्शन, म्हणजे फायरवॉलने एन्क्रिप्ट केलेला वेब ट्रॅफिक उघडून तपासणं. इंदूरला विजयनगरच्या एका ऑफिसात मी ते सगळ्यांना एकदम लावलं आणि ऐन पगाराच्या दिवशी अकाउंट्सच्या काकूंचं बँकेचं पान उघडेना. स्क्रीनवर नुसती सर्टिफिकेटची सूचना. फार वाईट वाटलं. तेव्हापासून बँका, दवाखाने मी आधीच वगळतो, बाकीचं एकेका विभागाला लावतो.

क्विक प्रोटोकॉलही बघ, ब्राउझरची वेबसाइटशी बोलण्याची ती नवी पद्धत. त्यात ब्राउझर नेहमीच्या टीसीपीऐवजी यूडीपी या दुसऱ्या मार्गाने, पोर्ट ४४३ वरून जातो आणि तपासणीतून निसटतो. क्विक बंद केलास की ब्राउझर टीसीपीवर येतो.

रविवारी सकाळी पोहे खाऊन बस. अडलास तर फोन कर, मी राजवाड्यापाशीच आहे.