जामिनावर असताना तारखेला गेलो नाही, वॉरंट निघालंय, आता नवीन केस लागते का?

लगेच लागतेच असं नाही. आधी कोर्ट अजामीनपात्र वॉरंट काढतं, बाँड जप्त होतो आणि जामीनदाराला नोटीस जाते की रक्कम का भरून घेऊ नये ते सांगा. ज्या बिचाऱ्याने आपला सातबारा लावून जामीन दिला त्याची खरी फरफट इथे होते, म्हणून त्याला आजच फोन करा प्लीज. पोलीस यायची वाट बघू नका, वकिलासोबत स्वतः हजर व्हा, वॉरंट रद्दचा अर्ज द्या आणि आजारी होतात तर दवाखान्याचे कागद जोडा, कारण खरं वाटलं तर कोर्ट बरेचदा दंड घेऊन वॉरंट रद्द करतं, बाँडची रक्कमही कमी करू शकतं.

लपून बसलात तर मात्र फरार घोषित करून प्रॉपर्टी जप्तीपर्यंत जातं. भारतीय न्याय संहितेत कलम 269 खाली गैरहजेरीला 1 वर्षापर्यंत कैद आहे, आणि कस्टडीतून पळालात तर कलम 262, 2 वर्षांपर्यंत, तेही मूळ केसच्या शिक्षेशिवाय वेगळं.