डिप्रेशनमुळे प्रतिकारशक्ती खरोखर कमी होते का?

थोडक्यात उत्तर ‘होय’ असे आहे. पण ‘कमी होते’ हे वर्णन अपुरे आहे, शिवाय प्रतिकारयंत्रणेमुळेच नैराश्य येऊ शकते ही उलट दिशा तुम्ही विचारलेलीच नाही, आणि ती मी घरात पाहिली आहे.

माझ्या यजमानांना हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणूजन्य आजार झाला तेव्हा हल्लीच्या गोळ्या भारतात मिळत नव्हत्या. दर आठवड्याला इंटरफेरॉनचे इंजेक्शन आणि सोबत रिबाविरिन हे विषाणूविरोधी औषध असा उपचार असे. इंटरफेरॉन हा विषाणू आल्याचा इशारा देणारा, शरीर स्वतःच तयार करते असा पदार्थ. तोच बाहेरून भरपूर दिला जाई. सुरुवातीचा ताप आणि अंगदुखी अपेक्षितच होती. पुढे मात्र, नोकरी, पैसा, संसार यांत काहीही बदललेले नसताना, पहाटे फिरायला जाणारा हा माणूस दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला, ताटावरून उठू लागला आणि एकदा ‘मी नसलो तर तुमची सुटका होईल’ असेही बोलून गेला. त्यावर थोरले दीर म्हणाले, “मन खंबीर लागते. आपल्या आबांनी क्षय काढला, ते कधी असे पडून राहिले नाहीत.” यकृताच्या डॉक्टरांनी मात्र हा त्या औषधाचा ज्ञात दुष्परिणाम असल्याचे सांगून लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. औषधे सुरू झाली, इंजेक्शनांचा कोर्स पुरा झाला आणि काही महिन्यांत ते पूर्ववत झाले. त्याचे श्रेय दीर आजही स्वतःच्या उपदेशाला देतात.

अमेरिकेत मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी इंटरफेरॉन घेणाऱ्या ४० रुग्णांवर झालेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना आधीपासून पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध दिले होते. त्यांच्यापैकी ११ टक्क्यांना तीव्र नैराश्य आले. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांना. खंबीर मनाची माणसे नेमकी एकाच गटात गोळा झाली होती, असे दीरांनाही म्हणता येणार नाही. इंटरफेरॉनमुळे ट्रिप्टोफॅन, ज्यापासून सेरोटोनिन बनते, दुसऱ्याच मार्गाने खर्च होऊ लागते, हे त्याचे एक कारण मानतात.

आता तुमची दिशा. दीर्घकाळच्या नैराश्यात संसर्गाशी लढणाऱ्या काही पेशींचे काम मंदावते, तर सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६ यांसारखे दाहाचे (शरीराच्या आतल्या सूजेचे) रक्तातले निदर्शक अनेकांत वाढलेले आढळतात. म्हणजे यंत्रणा एकीकडे ढिली, तर दुसरीकडे विनाकारण चेतलेली असते. अशा वेळी ‘इम्युनिटी वाढवणारी’ चूर्णे आणि काढे घेऊन नैराश्य जाईल ही समजूत निरर्थक आहे.

अर्थात, नैराश्याच्या प्रत्येक रुग्णात दाह वाढलेला नसतो. इन्फ्लिक्सिमॅब हे दाहविरोधी औषध नैराश्यावर वापरून पाहिले तेव्हा, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकूण गटाला फायदा झाला नाही. सीआरपी मुळातच जास्त असलेल्यांमध्येच तो होत असावा असे दिसले. त्यामुळे स्वतःच्या मनाने सीआरपी तपासून दाह कमी करणारी वेदनाशामके घेऊ नयेत आणि चालू औषधे बंद करू नयेत. घरात कोणाला इंटरफेरॉन सुरू होणार असेल, तर पूर्वीचे नैराश्य डॉक्टरांना आधीच सांगावे, आणि खंबीरपणाचा सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना पुढच्या भेटीला सोबत न्यावे. आमच्याकडे बोलावूनही कोणी आले नव्हते.