जुन्या बोलेरोच्या डिफरन्शियलमधून थेंब थेंब ऑइल गळतंय, पूर्ण खोलावं लागेल का?

मेकॅनिक म्हणाला म्हणून लगेच डिफरन्शियल (मागच्या एक्सलमधला, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) खोलायला देऊ नका. तुम्ही लिहिलंय की गाडी २००३ची, पेडण्यात उघड्यावर उभी असते, सकाळी खालच्या पुठ्ठ्यावर तीन-चार थेंब दिसतात, आवाज नाही आणि ब्रेक ठीक आहेत. एवढ्यावर मी तरी आधी ब्रीदर, म्हणजे एक्सलमधली हवा बाहेर सोडणारी छोटी टोपी, बघेन. मी हेच उलट्या क्रमाने केलं आणि आमच्या जीपला दोन पावसाळ्यांत दोनदा पिनियन सील (शाफ्ट डिफरन्शियलमध्ये शिरतो तिथली, ऑइल अडवणारी रबरी कडी) घालून बसलो.

आमचं कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आहे. जीप नारळ-सुपारी वाहते, वाटेत दोन व्हाळ (ओढे) ओलांडते. पहिल्या गॅरेजने सील बदललं, तीन महिन्यांत पुन्हा ओलं. दुसऱ्याने सीललाच शिव्या घालून नवं बसवलं, तेही गळलं. शेवटी उसगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याची उमेदीची वर्षं खाणीच्या ट्रकांखाली दुरुस्ती करण्यात गेली. २०१२ साली खाणी बंद पडल्यापासून घराच्या पडवीतच कामं करतो. त्याने सीलकडे पाहिलंसुद्धा नाही. एक्सलच्या नळीवर बोटाच्या पेराएवढी टोपी असते, ती काढून माझ्या हातावर ठेवली. लाल माती आणि जुनं ऑइल मिळून तिची वीट झाली होती. ‘‘पयलीं ब्रीदर पळय, मागीर सील,’’ (आधी ब्रीदर बघ, मग सील) एवढंच म्हणाला.

गाडी चालली की ऑइल तापतं, आतली हवा फुगते, आणि तिला बाहेर पडायला तेवढी एकच वाट असते. ती बुजली की हवा ऑइलला सीलच्या ओठातून बाहेर रेटते. सील नवं असलं तरी. याची दुसरी बाजू आपल्याकडे जास्त घातक. घाट उतरून तापलेला एक्सल पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधूनच पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय असं समजा आणि ते लगेच बदला, नाहीतर बेअरिंग गंजतील. ब्रीदर पेट्रोलने धुवा, तोंडाने फुंकून हवा जाते का बघा. आमच्या जीपला त्याने टोपीच्या जागी रबरी नळी जोडून तिचं दुसरं टोक वर चेसिसला बांधलं.

मग गळती नेमकी कुठून आहे ते शोधा. खालचा सगळा भाग डिझेल आणि ब्रशने धुवा, कोरडा पुसा, वर अंगाला लावायची पावडर भुरभुरा आणि वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा. पावडरीवर ओघळ उमटतो. पुढच्या नाकाशी असेल तर पिनियन सील. मधल्या जोडावर असेल तर पॅकिंग; तिथे आधी बोल्ट बघा, बऱ्याचदा तेच सैल असतात. ओघळ चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, कारण एक्सल सीलचं ऑइल ड्रममध्ये उतरून ब्रेक शू भिजवतं. तिथे ब्रेक ऑइलचीही गळती असू शकते. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पाण्याने धुऊन जातं.

तीन-चार थेंब म्हणजे किती? साधारण वीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला तर वर्षाला साठ-सत्तर मिलीलिटर. पण हा उभ्या गाडीचा हिशेब झाला, चालत्या गाडीतून किती उडतं ते पुठ्ठा सांगत नाही. म्हणून सपाट जागी गाडी गार करून भरायचा प्लग उघडा आणि बोट घाला. ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. बदलायचं असेल तेव्हाही हाच प्लग आधी सोडवा. खालचा उघडून सगळं सांडून दिलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच राहिली! कडेच्या वर भरू नका, जास्त झालेलंही गळतं.

पिनियन सीलच निघालं तर काम एका दिवसाचं आहे, पण त्यात एक मेख आहे. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा फिरणारा दांडा) सोडवल्यावर तो जिथे जोडलेला असतो ती फ्लँज हाताने वर-खाली हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागला किंवा गाडी चालताना हूं-हूं आवाज असेल तर बेअरिंग गेलं, मग तुमचा मेकॅनिक बरोबर आहे, खोलावंच लागेल. खेळ नसेल तर नट काढण्याआधी नट, फ्लँज आणि पिनियनवर पंचने खूण करायला लावा, दिसणारे आटे मोजा. काही गाड्यांत आत दबणारी स्लीव्ह असते. नट बेभान आवळला की ती जास्त दबते आणि बेअरिंगवर ताण येतो. शिवाय सील जिथे घासतं तिथे फ्लँजवर नख फिरवा. खाच लागली तर नवं सीलही गळणार, फ्लँज बदला किंवा त्यावर पातळ स्लीव्ह चढवा. आमच्या दुसऱ्या सीलची अर्धी गोष्ट इथेच होती.

दुकानात ‘९० नंबर’ मागितलं की काहीही हातात देतात. डब्यावर जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलंय का बघा. ग्रेड बहुतेक ८०डब्ल्यू-९० किंवा गाडीच्या पुस्तकात असेल ती. उरलेलं ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतू नका, त्यातल्या गंधकाच्या रसायनांनी पितळी सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडावा म्हणून गिअरबॉक्समध्ये असलेल्या कड्या) खराब होऊ शकतात. आणि गळती थांबवणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालू नका.