'गुस्तार' उलटं कुणासाठी?

प्रश्न असा आहे: इंग्रजीतून लिहिलेल्या स्पॅनिशच्या पाठ्यपुस्तकात 'मे गुस्ता एल काफे', म्हणजे 'मला कॉफी आवडते', हे वाक्य 'उलटी क्रियापदं' या मथळ्याखाली दिलंय. 'गुस्ता' हे 'गुस्तार' (आवडणे) या क्रियापदाचं रूप. कॉफी कर्ता आणि 'मे' (मला) अप्रत्यक्ष कर्म, असं तिथे म्हटलंय. हे कसं काय?

'उलटं' हे नाव इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी आहे. 'आय लाइक कॉफी' या वाक्यात कर्ता 'आय', त्यामुळे त्यांना 'कॉफी मला सुखावते' अशी फोड करून द्यावी लागते. मराठी माणसाने ती फोड बाजूला ठेवावी आणि थेट मराठीतून स्पॅनिशकडे जावं.

'मला आंबा आवडतो', 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्यामागे जातं, 'मला' तसंच राहतं. स्पॅनिशमध्येही 'मे गुस्ता एल मांगो', पण 'मे गुस्तान लोस मांगोस'. इंग्रजी भाषक सुरुवातीला हमखास 'मे गुस्तो' म्हणतात, कारण आवडणं 'मी' करतो असं त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. 'गुस्तो' हे रूप आहेच, पण त्याची जागा वेगळी: 'ते गुस्तो?' म्हणजे 'मी तुला आवडते का?' आणि 'मे गुस्तास' म्हणजे 'तू मला आवडतोस'. मराठीतही अगदी हेच घडतं! इतकंच काय, 'मला वाचायला आणि लिहायला आवडतं' यात क्रिया दोन असूनही क्रियापद एकवचनी राहतं. 'मे गुस्ता लेएर इ एस्क्रिबिर' मध्येही तसंच.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीतही 'लाइक' असंच चालायचं, आवडणारी गोष्ट कर्ता आणि माणूस चतुर्थीत. 'मीथिंक्स' हा जुना शब्द त्याच घडणीचा: 'मला वाटतं'.

मराठी कुठे साथ सोडते, तेही सांगायला हवं. 'आईला कॉफी आवडते' हे स्पॅनिशमध्ये 'आ मि माद्रे ले गुस्ता एल काफे' असं होतं. 'आ मि माद्रे' म्हणजे 'माझ्या आईला', आणि 'ले' म्हणजे पुन्हा 'तिला'. आपल्याला ही द्विरुक्ती वाटते, पण स्पॅनिशमध्ये ते 'ले' गाळता येत नाही. मराठी विद्यार्थ्याने सर्वांत जास्त सराव याचाच करावा.

डोकेदुखीही वेगळी. आपण 'माझं डोकं दुखतं' म्हणतो, स्पॅनिश माणूस 'मे दुएले ला काबेसा', म्हणजे 'मला डोकं दुखतं'. उलट भुकेच्या बाबतीत आपण 'मला' म्हणतो, तर तिथे 'तेंगो आम्ब्रे': 'तेंगो' हे 'असणे, बाळगणे' या अर्थाच्या 'तेनेर'चं 'मी'बरोबरचं रूप. तहान, झोप, थंडी, भीती यांनाही हेच क्रियापद लागतं, त्यामुळे तिथे 'मे' लावायला जाऊ नये.