रंग दिलेल्या स्विमिंग पूलला नवं प्लास्टर करायचं आहे. जुन्या रंगाचे पापुद्रे सुटताहेत. कंत्राटदार म्हणतो, रंग काढायची गरज नाही, बाँडिंग कोट (नवं प्लास्टर चिकटावं म्हणून मारायचा थर) मारला की झालं. ऐकावं का?

नका ऐकू. रंगाचे पापुद्रे सुटताहेत असं तुम्हीच लिहिलंय. बाँडिंग कोट त्या रंगाला धरेलही, पण रंगाने भिंतीला धरून ठेवायला नको? वर दहा-बारा मिलिमीटर प्लास्टर चढलं की ते त्याच पापुद्र्याच्या भरवशावर उभं राहणार आणि जागोजागी सुटणार. बाँडिंग कोट ही चीज वाईट नाही. रंग काढून खडबडीत केलेल्या जुन्या प्लास्टरवर तो हवाच. ॲसिडने रंग निघतो असं कुणी सांगितलं तर तेही मनावर घेऊ नका. ॲसिड सिमेंट खातं, एपॉक्सी रंगाला त्याचं काही वाटत नाही.

रंग काढायचा तर सँडब्लास्टिंग, प्रचंड दाबाच्या पाण्याचा मारा (गाडी धुवायचा प्रेशर वॉशर नव्हे), नाहीतर ब्रेकर लावून जुनं प्लास्टर रंगासकट उतरवणं. आधी हातोडीने सगळीकडे ठोकून पाहा. आमचा पूल बऱ्याच ठिकाणी पोकळ वाजत होता, म्हणून आम्ही सगळंच उतरवलं. धूळ, आवाज, राडारोडा, शेजाऱ्यांची बोलणी, सगळं झालं. पण खाली काय आहे याची शंका उरली नाही. रंग फार जुना असेल तर त्यात शिसं आहे का, हे ब्लास्टिंगच्या आधी तपासून घ्या. टाइल्सच्या खालची कड आणि इनलेट, ड्रेन यांच्या भोवती जुनं प्लास्टर कापून खाच घ्यावी लागते, नाहीतर नवा थर तिथे फुगीर दिसतो.

आता कंत्राटदार. कोटेशनमध्ये ‘सरफेस प्रिपरेशन’ एवढे दोनच शब्द असतील तर सही करू नका, सगळी मेख तिथेच असते. रंग कशाने काढणार, किती काढणार, राडारोडा कोण उचलणार, हे लिहून घ्या. आणि एक अट घालाच: रंग निघालेली भिंत तुम्ही पाहून होकार दिल्याशिवाय प्लास्टर सुरू करायचं नाही, पुढचा हप्ताही त्यानंतरच. आम्ही ही अट घातल्यावर एका कंत्राटदाराने फोन उचलणंच बंद केलं. बरंच झालं. प्रत्यक्ष थापी चालवणारे कारागीर त्याचे स्वतःचे आहेत की काम पुढे दुसऱ्याला देणार, हेही विचारा. जुनी कामं बघायला जाल तेव्हा दोन-तीन वर्षांपूर्वीचं दाखवायला सांगा. नवंकोरं प्लास्टर सगळ्यांचंच छान दिसतं. लवकर सेट व्हावं म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालतात. ते सिमेंटच्या वजनाच्या २ टक्क्यांवर गेलं की प्लास्टरवर ढगाळ डाग पडण्याची भीती असते, तेव्हा प्रमाण विचारून ठेवा.

प्लास्टर सेट झालं की पाणी सोडायचं ते टाइल्सपर्यंत न थांबता. मध्ये थांबलात तर पाण्याच्या रेषेचा डाग कायमचा राहू शकतो. पुढचे साधारण २८ दिवस सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत राहतो आणि पीएच चढतो. रोज ब्रश मारायचा, पीएच मोजून ७.२ ते ७.६ च्या आसपास आणायचा, खाऱ्या पाण्याचा पूल असेल तर त्या काळात मीठ घालायचं नाही. हे काम कोण करणार ते करारातच ठरवा. तुम्ही करणार असाल तर रोजचे आकडे वहीत लिहून ठेवा, कारण पुढे डाग दिसले की ‘पाणी तुम्हीच बिघडवलंत’ हे पहिलं उत्तर येतं.

आणि हो, पूल रिकामा करण्याआधी जमिनीतल्या पाण्याची पातळी विचारात घ्या. ती वर असेल तर खालून येणाऱ्या दाबाने रिकामा पूल तडकतो, उचललाही जातो. तळाला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (खालच्या पाण्याचा दाब सोडणारी झडप) आहे का, चालतो का, हे कंत्राटदाराकडून पाहून घ्या आणि पावसाळ्यात तरी हे काम काढू नका.